भाऊजी पाण्यात का उतरत नाहीत

आमच्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस अख्ख्या सिंदेवाही तालुक्यात सापडायचा नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणतो. वाघाला ते भीत नाहीत. मोहफुलं वेचायच्या दिवसांत खुशाल जंगलातून सायकल नेतात, वर वाघासाठी घंटी वाजवतात. पण गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यात, घोटाभर पाण्यातही पाय घालत नाहीत. बांधाच्या पाळीवर बसून पोहणाऱ्यांची हजेरी मात्र घेतात. "गंग्या, तुही मुंडी दिसून नाई राह्यली बे!" गंग्या बिचारा म्हशीमागे उभा असतो.

आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना दुपट्टा देतात. बाकीचे त्यानं घाम पुसतात. भाऊजी मांडवातच तो ताणून बघतात. "हा फाटते. दुसरा द्या," असं त्यांनी एकदा प्रत्यक्ष व्याह्यांना सुनावलं होतं. पास झालेले दुपट्टे एकमेकांना गाठी मारून ते कमरेला गुंडाळतात आणि मगच तलावावर जातात. हा काडीसारखा माणूस मग पोटुशी दिसतो. ताईंनी कपाळाला हात लावणंही आता सोडून दिलंय.

या माघात त्यांच्या पुतणीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी नवरदेव तलावात खोल गेला आणि गटांगळ्या खाऊ लागला. विहिरीत पोहलेला मी, शर्ट काढून धावलो. तोच भाऊजींनी माझ्या मुस्काटात मारली.

"उतरू नोको! थो तुलेबी खाली घेऊन जाते!"

मी गाल धरून उभा, आणि ते पाळीवर पालथे पडून दुपट्टे फेकताहेत. पहिली फेक चुकली. दुसऱ्यांदा टोक नवरदेवाच्या हाती लागलं आणि आम्ही त्याला ओढून काढलं.

तरी मी फुगलेलोच होतो. संध्याकाळी पाळीवर म्हणालो, "तुम्हाला पोहता येत नाही, म्हणून मला कशाला मारायचं?"

"मले तुह्यापेक्षा चांगलं पोहता येते बाप्पा," ते शांतपणे म्हणाले. "माहा दोस्त बुडून राह्यला होता. मी उडी मारली. त्यानं गळ्याले अशी मिठी मारली का दोघंबी खाली. मले वर याचं होतं. मी त्याले लात मारली."

मला त्यांच्याकडे बघवेना.

"लातेचं कोणालेच सांगतलं नाई. त्याची माय दर पोळ्याले मले जेवाले बलावते. म्हणते, माह्या पोरासाठी तुनं जीव धोक्यात टाकला होता. मी जातो. जेवून येतो."