काचेच्या बशीतली धडधड

माझी धाकटी मावशी प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशी वाढवते. लहानशा काचेच्या बशीत, जिच्या तळाशी केसाहून बारीक तारा बसवलेल्या असतात. पेशी एकमेकींना चिकटल्या की एका तालात धडधडू लागतात आणि त्या धडधडीची इवलीशी वीज तारांमधून पडद्यावर रेघ होऊन उमटते. वर औषधाचा थेंब टाकला की ते हृदयाला मानवतं की बाधतं, हे रेघ सांगते.

या पेशींचं खाणंपिणं वेळच्या वेळी लागतं. सुट्टीच्या दिवशीही मावशी जेवण अर्धं टाकून पळायची.

"एवढे लाड नवऱ्याचे केले असतेस तर!" आई म्हणायची.

"तो हाताने वाढून घेतो," चपला शोधत मावशी म्हणायची.

मध्यंतरी बाबा गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेली पूड घेऊ लागले. गुडघे मोकळे झाले, पण चक्कर यायला लागली. एकदा तर जिन्यातच कोसळले. नाडी वेडीवाकडी चालत होती आणि डॉक्टरांना कारण सापडेना. "काही औषधं घेता?" या प्रश्नाला बाबांनी साफ नाही म्हटलं. झाडपाल्याची पूड त्यांच्या लेखी औषधच नव्हती.

मावशी भेटायला आली तेव्हा तिला उशाशी डबी दिसली.

"भावोजी, यातली थोडी नेऊ?"

"ने की. तुझेही गुडघे कुरकुरतात वाटतं?"

प्रयोगशाळेतल्या साहेबांची परवानगी काढून तिने एका बशीत नुसता द्रव घातला, दुसरीत पूड विरघळवून गाळलेला. पहिलीची रेघ जशीच्या तशी चालत राहिली. दुसरीचे ठोके अडखळले, मागेपुढे झाले आणि थांबले. तिने नव्या पेशी घेऊन पुन्हा करून पाहिलं. तेच झालं.

मग ती बाबांना हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन गेली. दोन्ही रेघा पाहून बाबा म्हणाले, "पण या बशीला गुडघे कुठे आहेत?"

मावशी हसली नाही. "नाहीत. बशी म्हणजे माणूसही नाही. पण तिला जे कळलंय, ते डॉक्टरांच्या कानावर घालू द्या."

डॉक्टरांनी पूड रासायनिक तपासणीला पाठवली. तिच्यात हृदयावरचं एक जहाल औषध मिसळलेलं निघालं. पूड बंद झाली आणि बाबांची नाडी हळूहळू ताळ्यावर आली. फिरायला येणारे मित्रही तीच पूड घेत होते; त्यांच्या डब्या बाबांनी स्वतः दारोदार जाऊन गोळा केल्या. त्यातल्या दोघांना चक्कर येतच होती.

मी एकदा मावशीला विचारलं, "ती रेघ थांबली तेव्हा काय वाटलं गं?"

"वाटलं, माझंच काहीतरी चुकलेलं असू दे," ती म्हणाली. "म्हणून तर पुन्हा करून पाहिलं."