पहिला नंबर आणि तीन पुडे पेढे

आमच्या आंजी गावात बेसबॉल मला सगळ्यांत जास्त कळतो, कारण बाकी कुणालाच कळत नाही.

ही कीर्ती मी पानठेल्यावर कमावली. मोबाइलवर अमेरिकेतले सामने बघायचे आणि दुसऱ्या दिवशी पान लावून होईपर्यंत त्यावर बोलायचं, एवढंच माझं क्रीडाजीवन. (चेंडू कधी हातात धरला नव्हता. चेंडूनेही आग्रह केला नव्हता.) यंदा आसपासच्या चार गावांनी मुलींचे बेसबॉल संघ काढले. मैदानावर जमलेल्या पोरींतून प्रत्येक संघाने आळीपाळीने एकेक निवडली आणि आमच्या वाट्याला तीन नव्याकोऱ्या पोरी आल्या. लगेच आमच्या संघाच्या कोच सरांचा मला फोन!

"दिलीपभाऊ, तिघींचे नंबर लावून द्या. जे पयली येईन, तेच रविवारी पिचर."

(पिचर म्हणजे चेंडू फेकणारी. एवढं मला येत होतं.)

आता या तिघी कोण? पायल, माझ्या दादाची मुलगी. आमच्या घरची भाजी दादाच्या वाडीतून येते. रश्मी, बायकोच्या भावाची मुलगी, अल्लीपूरहून शिकायला आमच्याकडे राहिलेली. आणि जेवण बायको वाढते. कोमल, शेजारच्या सुरेशभाऊंची. दूध त्यांच्या गोठ्यातून. म्हणजे तिसरा नंबर कुणालाही दिला तरी उपाशी मीच!

पायलने मला फाटकातच गाठलं. "काका, मले पिचर व्हायचंच हाये. घरी सारे हसून राह्यले माह्यावर. नातं पाहू नोका, फेकनं पाहा."

पाहिलं. पायलचा चेंडू मला दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. थोड्या वेळाने पलीकडच्या गोठ्यातली म्हैस ओरडली, तेव्हा तो कुठे गेला ते कळलं. रश्मीचा अगदी सरळ, पण तो पोचेपर्यंत माझी एक जांभई झाली. कोमलने लहानपणापासून शेतातले पोपट दगड मारून हाकललेले. तिचा चेंडू माझ्याकडे निघाला आणि वाटेत त्याने विचार बदलला. यांचे नंबर लावायचे म्हणजे गोऱ्हा जन्मला त्याच दिवशी तो पोळ्यात कितवा उभा राहील ते सांगायचं!

मग मी डोकं चालवलं. (इथेच चुकलं.) तिन्ही घरी गुपचूप जाऊन सांगितलं, "तुमचीच पयली. पन आताच कोनाले सांगू नोका."

कुणी सांगितलं नाही. तिन्ही घरांनी पेढे आणले!

संध्याकाळी आमच्या अंगणात पायलसोबत दादा पुडा घेऊन आला, मागोमाग सुरेशभाऊ पुडा घेऊन आले, आणि आतून बायको पुडा घेऊन बाहेर पडली.

"कायचे पेढे जी?" दादाने विचारलं.

"कोमल पयली आली नं! अन् तुमचे?"

"पायल पयली आली म्हनून!"

बायको माझ्याकडे वळली. "अवो, मंग आपली रश्मी कितवी पयली हाये?"

"बेसबॉलात तीन बेस असते," मी म्हटलं, "म्हनून तीन पयल्या!"

सुरेशभाऊंनी आपला पुडा काखेत मारला. पायलने हातातला पेढा पुड्यात परत ठेवला, ते मात्र मला लागलं. "काका, उद्या सकाळी तुमीच बॅट घेऊन उभे राहा," ती म्हणाली. "आमी तिघी फेकतो."

सकाळी मैदानावर अर्धं गाव! रश्मीच्या चेंडूने गुडघ्याला हलकेच टेकून नमस्कार केला. कोमलचा चेंडू चुकवायला मी डावीकडे उडी मारली, तर तोही डावीकडे वळला आणि बरगडीत बसला. मग पायलने हात उचलला. मी बॅट टाकली, पाठ फिरवली आणि पळत सुटलो. चेंडू माझ्यापेक्षा जोरात धावत होता, आणि या वेळी मेला अगदी सरळ!

घरी पालथा पडून हळद लावून घेत असताना कोच सरांचा फोन आला.

"लागले का नंबर?"

"लागले सर. पायल पयली, कोमल दुसरी, रश्मी तिसरी."

बायकोनेही मान डोलावली. पुरावा तिच्या डोळ्यांसमोरच होता.

"एवढं पक्कं? तुमाले जानकार म्हनतात ते उगीच नाई!" सर खूश झाले. "येजा मंग चाय प्याले, निवांत बसून बोलू."

"येतो सर," मी म्हटलं, "पन उभ्यानंच बोलू."