उंबऱ्याखालचं नाणं

उन्हाळ्यात धरण आटलं की मामाचं बुडालेलं गाव उघडं पडे. त्या वर्षी एक अनोळखी माणूस धातू शोधणारं यंत्र सुकलेल्या गाळावर फिरवत होता.

"काका, हंडा घावला का?" पोरं चिडवत.

शेवटी त्यानं एक नाणं उकरून धोतराला पुसलं. निजामाचं, मधे भोक असलेलं; कडेला विळ्याचे दोन चरे.

"माझ्या करदोट्यातलं हाय. चरे मायनंच पाडले, अन् गाव सोडताना आमच्या उंबऱ्याखाली पुरलं व्हतं." त्यानं ते परत तिथंच ठेवलं. "पोरी, हितं उभी ऱ्हा. मायला घर दाखवायला आणतो. पोरं नाणं नेतील, मंग घर कुठं शोधू?"

एरवी अनोळखी माणसांशी न बोलणारी मी, तो परतेपर्यंत नाण्यापासून हललेसुद्धा नाही.

म्हातारी आली. नाण्याच्या अलीकडे थांबून तिनं चपला काढल्या.