सोमाजीने ओळखलेला कोट

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी तीस वर्षं राजे आणि खलनायक केले. पण मला राजा केलं ते सोमाजीने. आमच्या मंडळीचा कपडेपट तो सांभाळायचा. राहतो जवळच्या खेड्यात, पण अजूनही वडशात दुकान मांडून नाटकाचे कपडे भाड्याने देतो. एकदा ऐन रंगात आलेल्या प्रवेशात माझी विजार मागून उसवली. मी संवाद म्हणत विंगेकडे सरकलो आणि या पठ्ठ्याने पडद्याआडून सुई चालवून माझी अब्रू राखली. सोमाजी माणसाचा चेहरा विसरतो, शिवण विसरत नाही.

गेल्या वर्षी त्याची बायको गोकुळा एका योजनेच्या नादी लागली. मोटारीवर चालणाऱ्या शिलाई मशीनसाठी साठवलेले अठरा हजार भरायचे, ताकदीच्या पावडरचे डबे घ्यायचे, सहा माणसं जोडायची. त्या सहांनी आणखी सहा-सहा. मग घरबसल्या कमाई. सोमाजी नको म्हणाला, तर जन्मभर लोकांच्या कपड्यांना ठिगळं लावणाऱ्याला कमाईतलं काय कळतं, असं तिने त्याला ऐकवलं. सभेला जोडीनेच या, असा निरोप होता. सोमाजीने सोबतीला मलाही ओढलं.

सभागृहात संगीत वाजलं आणि योजनेचे म्होरके प्रणितभाऊ कोट घालून मंचावर आले. प्रवेश झकास होता, मी सवयीने टाळी वाजवली. दोन वर्षांपूर्वी आपण उधारीवर जगत होतो, आज हा कोट याच योजनेने दिला, असं ते म्हणाले. गोकुळेने पैशांची पुरचुंडी काढली.

सोमाजी उठला. सरळ मंचावर चढला आणि त्याने प्रणितभाऊंच्या कोटाचं अस्तर उलटून पाहिलं. आत हिरव्या लुगड्याचं ठिगळ होतं.

"हा तं आपल्या खलनायकाचा कोट होय," तो म्हणाला. "परवा गॅदरिंगले पाहिजे म्हणून नेला, तो तुमीच काय?"

सभा हसली. प्रणितभाऊंनी कोट सावरला आणि सोमाजीकाकांना कोट सोडून योजना पाहायला सांगितलं.

"तेच पाहून राह्यलो," सोमाजी म्हणाला. "नाटकाचा पैसा तिकीट काढणारा देते. तुमी तं येईल त्याले नट करता. आमच्या गावात घरं दोनशे. सहाचे छत्तीस, छत्तिसाचे दोनशे सोळा. तिसऱ्याच फेरीत गाव संपलं. मंग शेवटच्या नटाचं तिकीट कोन काढते? नुसता डबा घ्याले इथी कोन आलं हाये?"

डब्यासाठी कोणीच आलं नव्हतं. प्रणितभाऊंनी पुन्हा संगीत लावायची खूण केली. प्रवेश पडायला लागला की आमची मंडळीही हेच करायची.

गोकुळेने पुरचुंडी परत कमरेला खोचली. हरल्याचं कबूल करणं तिच्या रक्तात नाही. तिने खालूनच नवऱ्याला दरडावलं, "कोटाचं भाडं घेतलं काय?"

"अर्धंच."

"मंग उतरवून घ्या."