पाठीची तार

"चालतंय म्हणजे चांगलं असतंय व्हय?" असं म्हणत अक्का कमरेच्या पिशवीतून कटर काढायच्या, वायरचं टोक बोटभर सोलायच्या आणि समोरच्याच्या नाकाशी धरायच्या. वर काळं आवरण, त्याखाली जाळी, मग चांदीसारखा कागद, पांढरा फोम आणि अगदी आत तांब्याची एकच तार. "वरून सगळ्या काळ्याच. आत बघा की जरा." आपल्याला त्यातलं काही कळो न कळो, मान हलवावीच लागे. त्याशिवाय कटर पिशवीत परत जात नसे.

गोकुळ रोडमागच्या आमच्या कॉलनीत टीव्ही आणि पुढे इंटरनेट म्हणजे केबलअक्का. माहेर अळणावरकडचं. नवऱ्यानं गच्चीवर मोठी छत्री बसवून हा धंदा सुरू केला होता. तो गेल्यावर दीर म्हणाले, विकून टाका, हे बाईमाणसाचं काम नव्हे. अक्कांनी पदर खोचला, शिडी उचलली आणि दुसऱ्या दिवशी दिराच्याच घरचं गेलेलं चित्र परत आणून दिलं. वायरचं वेटोळं खांद्यावर घालून त्या स्कूटरवरून निघाल्या की हार घालून मिरवणुकीला निघाल्यासारख्या दिसायच्या. क्रिकेटच्या दिवसांत मात्र घाबरून असत. "मॅच चालू असताना चित्र गेलं की कळतंय बघा, आपल्याला शत्रू किती आहेत ते."

आमच्या घराला रंग दिला तेव्हा ह्यांनी बाजारातून पांढरी, नाजूक वायर आणली. भिंतीला शोभेल म्हणून. अक्कांनी ती हातात घेतली, नेहमीप्रमाणे सोलली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बाई, भिंतीला साडी नेसवायची आहे का टीव्ही बघायचाय?" बराच वाद झाला. शेवटी घराबाहेर त्यांची काळी आणि घरात ह्यांची पांढरी, असा तह ठरला. दोघंही आपणच जिंकलो असं समजून चहा प्यायले. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. भांडून जातात आणि जाताना आपल्या दाराची सैल कडी घट्ट करून देतात.

मग शाळा बंद झाल्या आणि मोबाईलवर भरू लागल्या. मी हायस्कुलात शिकवते. माझा वर्ग स्वयंपाकघरात भरे. ज्यांच्या घरी कधी इंटरनेट नव्हतं त्यांनाही ते एकाएकी हवं झालं. अक्कांच्या दारात सकाळपासून माणसं उभी असत. अक्का सगळ्यांना हो म्हणत होत्या, आणि वायर संपत आली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रस्ता ओलांडून घरात येणाऱ्या वायरला पाठीशी एक स्टीलची तार जोडलेली असते. ओढ तिच्यावर पडते, वायर खाली झुलत नाही. अक्का तिला पाठीची तार म्हणत. त्या दिवसांत तशी वायर कुठे मिळेना. दुकानदारानं दुसरी दिली. आतलं तांबं चांगलं होतं, पण पाठीची तार नव्हती. अक्कांनी ती घेतली. महिन्याभरात बदलू, असं मनाशी म्हणाल्या आणि तीच कॉलनीभर ओढली. महिना गेला, वर्ष गेलं. सगळ्यांचं चित्र स्वच्छ येत होतं.

कोपऱ्यावर गिरिजक्का राहत. कन्नड घरच्या, पण मराठी आमच्यासारखं बोलत. ब्लाउज शिवावेत तर त्यांनीच. त्यांचे यजमान बेलूरच्या कारखान्यात पाळीवर जात. दुपारी मशीनचा आवाज आणि टीव्हीवरची कन्नड मालिका, दोन्ही रस्त्यावर ऐकू येत.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी जोराचा वारा सुटला. गिरिजक्कांच्या घराकडे जाणारी वायर झुलून झुलून विजेच्या तारेवर घासत होती, हे नंतर कळलं. आवरण झिजलं आणि वीज जाळीतून थेट घरात आली. घरात एवढंच दिसलं की चित्र गेलं. गिरिजक्का उठल्या आणि टीव्हीमागची पिन हलवायला त्यांनी उजवा हात घातला.

ब्लाउज न्यायला आलेल्या बाईनं लाकडी पट्टीनं त्यांचा हात पिनेपासून सोडवला म्हणून जीव वाचला. हात मात्र वाचला नाही. म्हणजे आहे, पण बोटं मिटत नाहीत. कात्री धरता येत नाही.

अक्का रोज दवाखान्यात डबा घेऊन जायच्या. गिरिजक्का त्यांना जवळ बसवून घेत. डावा हात त्यांच्या मांडीवर ठेवून एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "तुम्ही कशाला रडताय अक्का? माझं नशीब." वीज खात्याची माणसं येऊन पाहून गेली. वाऱ्यानं त्यांच्याही तारा सैल झाल्या होत्या. सगळ्यांनी वाऱ्यावर ढकललं आणि विषय संपवला.

तो अक्कांनी संपू दिला नाही. गिरिजक्का घरी आल्या, आम्ही शेजारच्या बायका भेटायला गेलो, तेव्हा अक्का उभ्या राहिल्या आणि पाठ केलेला धडा म्हणावा तशा बोलल्या. "पाठीची तार असलेली वायर घालायला पाहिजे होती. मी बिनतारेची घातली. बदलायला पाहिजे, हे मला ठाऊक होतं. मी बदलली नाही."

गिरिजक्कांनी आपला उजवा हात पदराखाली घेतला आणि यजमानांकडे बघत म्हणाल्या, "दार लावून घ्या. मला निजायचंय."

त्यानंतर ते दार अक्कांना उघडलं नाही. अक्का पायरीवर डबा ठेवून येत; संध्याकाळी तो तिथंच, भरलेला असे. मी एकदा म्हटलं, "अक्का, कशाला सांगितलंत? त्या तुम्हाला धरून होत्या. आणि वारा सुटला त्याला तुम्ही काय करणार?"

"वाऱ्यानं वायर निवडली नव्हती, बाई," त्या म्हणाल्या. "तिचा हात माझ्या मांडीवर होता. खरं कळल्यावर तिनं तो ठेवला असता का, एवढंच मला बघायचं होतं." मग भरलेला डबा पिशवीत घालत, "बघितलं."

पुढे अक्का बदलल्या. पाठीच्या तारेची वायर त्यांनी कुठून कुठून मिळवली आणि भर उन्हात गच्च्यागच्च्यांवर चढून कॉलनीतली सगळी जुनी वायर उतरवली. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या टेस्टर घेऊन वेळीअवेळी लोकांच्या घरात शिरू लागल्या. जेवण चालू असे आणि अक्का टीव्हीमागे वाकलेल्या. "हात लावू नका, मी आधी बघते." वारा सुटला की दारोदार जाऊन टीव्ही बंद करायला लावत. आधी लोक हसले, मग वैतागले. लहान मुलं टीव्हीला हात लावायला भिऊ लागली. विद्यानगरकडून नवीन कंपनीची काचेची बारीक वायर आमच्यापर्यंत आली तेव्हा एकेक घर तिकडे गेलं. त्या वायरीतून वीज वाहत नाही, हे अक्कांनीच लोकांना समजावून सांगितलं. "घ्या, तीच घ्या. चांगली आहे," असं म्हणून स्वतःची वायर स्वतः काढून, गुंडाळून न्यायच्या. असा धंदा बुडवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

शेवटी त्यांनी अळणावरला बहिणीकडे जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांचा निरोप घेत फिरल्या. गिरिजक्कांचं घर आलं तसं त्यांनी पाऊल उचललं आणि पुढे निघाल्या. मी त्यांची पिशवी धरून सोबत होते. मागून दाराची कडी वाजली. गिरिजक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. उजवा हात पदराबाहेर होता.

"वळग बर्री," त्या म्हणाल्या. आत या. आणि मग मराठीत, "चहा घेऊन जावा."

अक्का वळल्या. त्या हाताकडे त्यांनी बघितलं.

"गाडी आलीय हो," त्या म्हणाल्या. "थांबून राहिलीय."

गाडी आलेली नव्हती. यायला बराच अवकाश होता. गिरिजक्कांना रस्ता दिसत होता, मलाही दिसत होता.

अक्का पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला, दुसऱ्या कुणाच्या सामानाशेजारी उभं राहावं तशा आपल्या ट्रंकेशेजारी उन्हात उभ्या राहिल्या, त्या घराकडे पाठ करून. मी म्हटलं, सावलीत तरी या. त्यांनी मान हलवली नाही. गाडी आली, सामान चढलं, अक्का पुढच्या सीटवर बसल्या आणि समोर बघत गेल्या.

तोवर गिरिजक्कांनी दार लावलं नव्हतं.