जागच्या जागी धावणं

शैलाकाकू सांगलीहून दूर दक्षिणेत पेरुंगुडीला मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा लिफ्टमध्ये कुणी इंग्रजीत बोललं तरी त्यांना घाम फुटायचा. म्हणून त्या सोसायटीतल्या मराठी बायकांबरोबर कृष्णवेणीबाईंच्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागल्या. बाई इंग्रजीतून गोष्ट सांगायच्या आणि बायका ती करून दाखवायच्या. खोली लहान, त्यामुळे धावायचं ते जागच्या जागी.

त्या दिवशी बाहेर गेलेल्या बाई धाडकन दार उघडून ओरडल्या, "फायर! रन!"

सगळ्या जागीच धावू लागल्या.

"काकू, पदर सांभाळा, पेटेल हं!" शेजारची तनया म्हणाली.

शैलाकाकू खदखदून हसल्या. मग त्यांना जळक्या वायरीचा वास आला. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या हातांनी बाहेर पडायच्या खुणा करत होत्या. त्यांच्या मागे, लिफ्टच्या बाजूने, काळा धूर येत होता.



"अगं बायांनो, ही गोष्ट नाही! खरंच आग लागलीय!" त्या किंचाळल्या आणि तनयाला ओढत दुसऱ्या टोकाच्या जिन्याकडे पळाल्या. बाकीच्या त्यांच्यामागे धावल्या.

सगळ्या सुखरूप खाली पोचल्या. पण आग लागलेली असताना आपण हसत होतो, हे आठवलं की काकूंना अजून धडकी भरते.