हवालदारांचं जर्मन पदक

हवालदार वाचनालयात यायचे ते भांडायलाच. 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी मोठ्यानं वाचून ते चपलांसकट आत यायचे आणि मला सुनवायचे, "आदी झाडून घ्या, मग सांगा." गेवराईच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. ते आले की स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं माना खाली घालून बसत. माझं आणि त्यांचं कधी जमलं नाही. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे, तरी त्यांच्यावरचा राग पुरता गेलेला नाही.

चकलांब्याच्या पुढच्या एका खेड्यातले ते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि तेच त्यांचं नाव होऊन बसलं. त्यांची बायको गयाबाईही त्यांना हवालदारच म्हणे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी जर्मनीच्या लष्करी पदकांवरचं पुस्तक मागितलं. नाही म्हटल्यावर कपाटांकडे बघत म्हणाले, "मग हाय काय तुमच्याकडं? निस्त्या कादंबऱ्या?"

जर्मन पदकांचं काय काम पडलं, ते मला नंतर कळलं. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत पकडले गेले होते आणि जर्मनीतल्या एका छावणीतून सुटून घरी आले होते. येताना एक पदक घेऊन आले. सुटताना जर्मन अधिकाऱ्याला लोळवून त्याच्या छातीवरून काढलेलं, असं घरात सांगत. निळसर मिनाकामाचा लांबट क्रूस आणि मधोमध स्वस्तिक. आपलंच चिन्ह म्हणून बायका दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावायच्या. शाळेच्या झेंडावंदनाला ते हवालदारांच्या छातीवर असायचं.

भावकीतला पुतण्या गावचा सरपंच. तो एकदा चहाच्या हॉटेलात चारचौघांत म्हणाला, की हे पदक जुन्या बाजारातलं आहे. हवालदारांनी हातातला गरम चहा त्याच्या अंगावर फेकला. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. आता पुतण्याच्या तोंडावर मारायला त्यांना पुस्तक हवं होतं.

मी मोबाइलवर शोधून देते म्हटलं, तर त्यांनी सोबत आणलेल्या पदकावर हात ठेवला. "त्या डबड्यात कुनीबी काईबी लिवतंय. छापल्यालं दाखवा." हा त्यांचा हेका. छापलेलं शोधणं सोपं नव्हतं. मराठीत असं पुस्तक नाही. इंग्रजीत आहेत, पण बरीचशी खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी. चित्र नखाएवढं आणि खाली किंमत. मला हवं होतं पदकाच्या दोन्ही बाजू, फीत, कारखान्याचा शिक्का आणि नकली कसं ओळखावं हे सांगणारं पुस्तक. विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारलं, पुण्याला फोन केले. हवालदार दर बाजाराला येऊन "झोपल्यात का बाई?" असं विचारून जायचे. शेवटी बीडचे जुनी पुस्तकं विकणारे रफीकभाई कामी आले. त्यांनी हैदराबादच्या ओळखीतून एक जाडजूड, शिवण सुटलेलं पुस्तक मिळवलं. देताना म्हणाले, "मॅडम, इधर ये किताब पढनेवाला कौन है?"

त्या दिवशी हवालदार इस्त्रीचा सदरा घालून आले. लष्करी पदकांची पानं आम्ही एकेक करून उलटली. त्यांचं पदक त्यांत नव्हतं. ते सापडलं पार पुढे, नागरी सन्मानांच्या भागात. त्यांनी पदक चित्राशेजारी ठेवलं. तोच क्रूस, तोच निळा रंग, मागं कोरलेली तिथल्या हुकूमशहाची तीच सही. चित्राखालचा मजकूर मी वाचला आणि मराठीत सांगितला. हे पदक लढाईचं नव्हतं. तिथलं सरकार ते आयांना द्यायचं. चार किंवा पाच लेकरं जन्माला घातली तर हे कांस्याचं, त्याहून जास्त असली तर चांदीचं, सोन्याचं. ते स्वस्तिकही आपलं नव्हतं. लाखो निरपराध माणसं मारणाऱ्या राजवटीचं ते चिन्ह होतं. हेही मी सांगितलं.

"म्हंजी बाईमानसाचं हाय?"

"आईचं आहे."

"पुस्तक खोटं हाय," म्हणाले आणि पदक खिशात घालून निघून गेले.

आठवड्याभरात माझ्याविरुद्ध त्यांची तक्रार आली. ग्रंथपाल बाईंनी एका सैनिकाच्या घराण्याचा अपमान केला, अशी. संचालक मंडळानं माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर तशी वेळ आली नव्हती. मी घरी येऊन रडले, आणि हा माणूस पुन्हा दिसू नये असं मनापासून वाटलं.

तो पुन्हा आला, जसं काही झालंच नव्हतं. "एका पुस्तकावर मी माझ्या आज्याला खोटं पाडीत नसतो. दुसरं आना." आधी तक्रार मागं घ्या, असं मी म्हटलं. "तक्रार ऱ्हाऊ द्या. तिचं ती बघंल. पुस्तक आना." मला हाकलून द्यावंसं वाटलं. पण आता माझ्या खुलाशालाही दुसरा आधार लागणार होता. म्हणून मी पुन्हा रफीकभाईंना फोन लावला.

दुसरं पुस्तक आलं ते जर्मन भाषेतच. तेव्हा मात्र त्यांनी मोबाइल चालवून घेतला, कारण मजकूर छापलेला होता आणि मोबाइल त्याचं फक्त भाषांतर करत होता. उत्तर तेच निघालं. हवालदार पुस्तकावर हात ठेवून बसून राहिले. मग विचारलं, "आमच्या घरी कसं आलं आसंल ह्ये?"

मला त्यांची दया आली. एखाद्या बाईनं प्रेमानं दिलं असेल, असं मी म्हटलं.

"बाई, मी फौजेत काडली हयात. लढाई संपल्यावर लोकांच्या घरात शिरल्यालं मानूस काय काय उचलतं, ते मला नका सांगू." मग म्हणाले, "लेकरावाली व्हती ती. तिची लेकरं तरी ऱ्हायली का न्हाई, कुनाला ठाव."

त्या वर्षी झेंडावंदनाला त्यांच्या छातीवर काही नव्हतं.

पुतण्याचं मात्र मधल्या काळात मन पालटलं होतं. हवालदारांच्या आजोबांच्या नावानं गावाच्या तोंडाशी कमान मंजूर झाली होती आणि तिच्यावर 'शौर्यपदक विजेते' असं लिहायचं ठरलं होतं. जुन्या बाजारातलं पदक आता गावाची शान झालं. हवालदार दोन्ही पुस्तकं घेऊन ग्रामसभेत उभे राहिले. मलाही ओढून नेलं होतं. मी वाचून दाखवलं. कुणी ऐकलं, कुणी हसलं. पुतण्या म्हणाला, "कावून गावाचं नाव घालवायलात, हवालदार?"

"आज्या लढला. छावनीत उपाशी ऱ्हायला. एवढं लिवा, ते खरं हाय," हवालदार म्हणाले. "पदक लिवू नका."

त्यांच्या बाजूनं एक हात वर झाला नाही. त्यांचे स्वतःचे मुलगेही खाली बघत बसले. मागून कुणीतरी त्यांना गद्दार म्हणालं. ज्या माणसानं एका टोमण्यावर गरम चहा फेकला होता, तो माणूस पुस्तकं उचलून शांतपणे बाहेर आला. रस्त्यात मात्र माझ्यावर ओरडला, की वाचताना आवाज बारीक काढला.

कमान झाली. 'शौर्यपदक विजेते' ही अक्षरं सोनेरी रंगात आली. हवालदार तिच्याखालून कधी गेले नाहीत. एसटी पकडायची तरी ओढ्यातून वळसा घालून जायचे, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून. एक दिवस पुरचुंडीत बांधलेलं पदक त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "घरात नको. पुस्तकांपशी ठिवा. काय हाय ते नीट लिवा." आता ते आमच्या कपाटात आहे. खालची चिठ्ठी मी त्यांच्यासमोर लिहिली. त्यांनी तीही दोनदा खोडायला लावली.

तक्रार त्यांनी शेवटपर्यंत मागं घेतली नाही. ती माझ्या नोकरीच्या कागदांत अजून आहे. आणि आज एखादा पोरगा एकाच गाइडातलं उत्तर घेऊन माझ्याशी वाद घालायला आला, तर माझ्या तोंडून निघतं, "दुसरं पुस्तक आण." तोही माझ्यावर चिडतो.

गेल्या उन्हाळ्यात ते बीडच्या दवाखान्यात वारले. मी गावी गेले. पुतण्यानं ट्रॅक्टर फुलांनी सजवून आणला होता. स्मशान कमानीच्या पलीकडे. माणसं ट्रॅक्टरमागून निघाली, तेवढ्यात गयाबाई पुढं येऊन चाकासमोर उभ्या राहिल्या.

"ओढ्यानं न्या," त्या म्हणाल्या.

ओढ्यातून ट्रॅक्टर जाणार नाही, असं पुतण्या समजावू लागला. त्या तिथून हलल्या नाहीत.

"मग खांद्यावर न्या."

मग थोरल्या मुलानं ट्रॉलीवर चढून तिरडीची एक बाजू उचलली, धाकट्यानं दुसरी. माणसं कमानीकडे पाठ करून ओढ्याच्या वाटेला लागली. मीही चपला हातात घेतल्या आणि त्यांच्यामागून ओढ्यात उतरले.